पवनऊर्जेचे ग्रीड-एकीकरण (महाराष्ट्र)

वाऱ्याबरोबर क्षणाक्षणाला कमी-जास्त होणारी पवनचक्क्यांची वीज, वारंवारता आणि विद्युतदाब ढळू न देता पारेषण जाळ्यात सामावून घेण्याची व्यवस्था. देशातल्या पहिल्या पवनक्षेत्रांपैकी एक 1986 मध्ये रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभे राहिले. तिथली यंत्रे अवघी 55 किलोवॉटची होती, त्यामुळे ग्रीडला त्यांची दखलही घ्यावी लागली नाही. आज राज्यातील स्थापित पवनक्षमता 5,000 मेगावॉटच्या वर आहे. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडीची पठारे, सांगलीचा ढालगाव परिसर आणि धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले ब्राह्मणवेल ही त्यातली ठळक क्षेत्रे.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग सेकंदाला 6 मीटरवरून 8 मीटरवर गेला, तर पात्यांवर येणारी शक्ती सव्वादोन पटींहून अधिक होते. साधारण 3 मीटरला चक्की वीज देऊ लागते, 12 मीटरच्या आसपास पूर्ण क्षमतेला पोचते आणि 25 मीटरच्या पुढे स्वतःला बंद करून घेते. त्यामुळे हवामानाच्या अंदाजातली छोटी चूक विजेच्या अंदाजात फुगून येते.

वारा पडला की लगेच दिवे जातील, असे मात्र नाही. 31 डिसेंबर 2013 रोजी सोलापूर-रायचूर 765 केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीने दक्षिणेचे ग्रीड जोडले गेले आणि सारा देश एकाच वारंवारतेवर चालू लागला. एवढ्या मोठ्या जाळ्याची 50 हर्ट्झची वारंवारता साताऱ्यातल्या वाऱ्याने सहसा हलत नाही. बिघडते ते राज्याचे वेळापत्रक. राष्ट्रीय ग्रीडमधून किती वीज घेणार हे राज्याने आधी कळवलेले असते. त्यापेक्षा कमी-जास्त घेतली की दंड बसतो. हा तोल ऐरोलीचे राज्य भार प्रेषण केंद्र सांभाळते आणि पश्चिम विभागावर अंधेरीच्या विभागीय केंद्राची नजर असते. म्हणजे हा प्रश्न जितका तांत्रिक, तितकाच हिशेबाचा.

हिशेबासाठी दिवसाचे 15 मिनिटांचे 96 भाग पाडतात. राज्य वीज नियामक आयोगाच्या 2018 च्या नियमांनी पवनक्षेत्रांना प्रत्येक भागाचा अंदाज देणे बंधनकारक केले. एका उपकेंद्रावर अनेक मालकांच्या चक्क्या जोडलेल्या असल्याने सर्वांच्या वतीने एक समन्वयक संस्था वेळापत्रक देते. या नियमांत 15 टक्क्यांपर्यंतची चूक माफ ठेवली होती, पण टक्के काढायचे ते उपलब्ध क्षमतेवर. समजा क्षमता 100 मेगावॉट, अंदाज 30 आणि प्रत्यक्ष निर्मिती 18. कागदावर चूक 12 टक्के, म्हणून दंड नाही. भार प्रेषण केंद्राला मात्र अपेक्षित विजेपैकी 40 टक्के कमी मिळाली आणि ती भरून काढणे त्याच्याच माथी आले. सवलत समजण्यासारखी असली, तरी तिचा भार वितरण कंपनीवर आणि शेवटी वीजबिलावर येतो.

महाराष्ट्रातला खरा पेच ऋतूचा आहे. वर्षातली बहुतांश पवनवीज नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, विशेषतः जून ते ऑगस्टमध्ये मिळते. नेमके तेव्हाच शेतीपंप थंडावलेले असतात आणि उन्हाळ्यातली पंखे-कूलरची मागणीही उतरलेली असते. मग रात्री कोळशावरच्या वीजसंचांची निर्मिती खाली आणावी लागते. संच मोसमी वाऱ्याच्या तालावर वरखाली करणे कठीण असते, कारण ठरावीक पातळीखाली बाष्पक (बॉयलर) स्थिर चालत नाही. ही किमान पातळी 55 टक्क्यांवरून 40 टक्क्यांपर्यंत आणण्याचा नियम केंद्रीय वीज प्राधिकरणाने 2023 मध्ये केला. जुन्या संचांना ते जड जाणार आहे.

झटपट वरखाली होऊ शकते ते पाणी, आणि इथे भूगोलाची साथ आहे. वनकुसवड्याच्या चक्क्या कोयनेच्या शिवसागर जलाशयावरच्या कड्यांवर उभ्या आहेत. 1,960 मेगावॉटच्या कोयना प्रकल्पाची जनित्रे काही मिनिटांत भार घेऊ शकतात. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. जुलैत वारा भरपूर असताना कोयना थांबवली, तर वाचलेला कोटा एप्रिल-मेच्या टंचाईत वापरता येतो. अर्थात ऑक्टोबरात धरण भरलेले हवे. पावसाळ्यातला वारा अशा रीतीने जणू धरणात साठतो. खालचे पाणी पंपाने पुन्हा वर चढवून साठवणाऱ्या उदंचन प्रकल्पांचा वाटा त्यामानाने लहान आहे: घाटघर 250 मेगावॉट आणि भिरा येथे 150.

जुन्या चक्क्यांची अडचण वेगळी. त्यांतली इंडक्शन जनित्रे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र राखण्यासाठी ग्रीडकडून रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता चुंबकीय क्षेत्र टिकवणारी शक्ती) ओढतात. त्यामुळे डोंगरावरच्या लांब वाहिन्यांचा दाब पडतो आणि ही शक्ती जागेवरच पुरवणारे कपॅसिटर बसवावे लागतात. पावसाळी विजांनी वाहिनीवर दोष आला की अशा चक्क्या ग्रीडपासून एकदम सुटत आणि काही क्षणांत शेकडो मेगावॉट नाहीसे होण्याचा धोका असे. ग्रीड-जोडणीच्या नियमांतील 2013 च्या दुरुस्तीने नव्या चक्क्यांना दाब क्षणभर कोसळला तरी जोडलेले राहणे सक्तीचे केले.

जुनी यंत्रे उत्तम वाऱ्याच्या जागा अडवून बसली आहेत. त्यांतली बरीचशी 80 टक्के घसाऱ्याच्या करसवलतीसाठी (यंत्राच्या किमतीचा तेवढा भाग पहिल्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा होई) वीजधंद्याबाहेरच्या कंपन्यांनी घेतलेली; किती युनिट निघतात याची काळजी तेव्हा दुय्यम होती. त्यांच्या जागी मोठी यंत्रे बसवण्याचे केंद्राचे धोरण 2016 पासून आहे, पण एकाच सड्यावरची जमीन, यंत्रे आणि वीजखरेदी करार वेगवेगळ्या हातांत विखुरलेले आहेत आणि 33 केव्हीच्या जुन्या वाहिन्याही वाढीव वीज वाहून नेण्याइतक्या नाहीत.