खडबडीत चांदीची करामत

आमच्या विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. जुन्या दागिन्यांची मोड आटवायची आणि शुद्ध सोनं-चांदी वेगळी काढायची. चांदी लखलखीत हवी, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून चांदी मुद्दाम खडबडीत केल्यावर रेणू ओळखायला ती जास्त कामाची होते, हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली.

पदार्थावर एकरंगी प्रकाश टाकला की विखुरलेला बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा राहतो. कोट्यवधी प्रकाशकणांतला एखादाच रेणूच्या थरथरीशी ऊर्जेची देवघेव करून किंचित वेगळ्या रंगाचा होतो. सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात हे दाखवलं, म्हणून याला रामन परिणाम म्हणतात. प्रत्येक रेणूची थरथर वेगळी, त्यामुळे विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या रंगाचा प्रकाश किती आला याची नोंद, हा त्याचा अंगठ्याचा ठसाच. शिवाय पाण्याचा स्वतःचा रामन संदेश क्षीण असल्याने ओल्या जैविक नमुन्यांना ही पद्धत सोयीची. पण कोटीतला एक कण पकडणार कसा?

१९७४ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी चांदीचा विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) विजेने खरबरीत करून त्यावर पिरिडीन नावाचं रसायन चिकटवलं, तर संदेश चांगलाच जोरदार आला. पृष्ठभाग वाढला म्हणून जास्त रेणू बसले, असा त्यांचा समज. १९७७ मध्ये दोन गटांनी हिशेब मांडला: वाढ सुमारे लाखपट ते दहा लाखपट, नुसत्या पृष्ठभागाने भागणारी नव्हे.

प्रकाश पडला की खडबडीत चांदीच्या बारीक कणांतले मुक्त इलेक्ट्रॉन एका लयीत हेलकावतात आणि दोन कणांमधल्या चिंचोळ्या फटीत विद्युतक्षेत्र एकवटतं. तिथे क्षेत्र दहापट झालं तर रामन संदेश साधारण दहा हजार पट होतो! १९९७ मध्ये तर एकेकटा रेणूही ओळखता आला.

याच पद्धतीने जिवाणू ओळखायला गेलं तर मात्र एक मेख आहे. हा परिणाम चांदीपासून काही नॅनोमीटरपर्यंतच टिकतो, आणि जिवाणू असतो हजारएक नॅनोमीटरचा. म्हणजे दिसते ती त्याची साल. अनेकदा तर तीही नाही, उपाशी जिवाणूने बाहेर टाकलेले अ‍ॅडेनिनसारखे (हा डीएनएचा एक घटक) रेणूच दिसतात. पुन्हा सगळ्या फटी सारख्या नसतात. एकाच थेंबाचे दोन ठिकाणी घेतलेले वर्णपट रेषांच्या उंचीला जुळत नाहीत. म्हणून 'किती आहे' हे मोजायचं असेल, तर ठाऊक प्रमाणातला दुसरा एखादा रेणू आधीच नमुन्यात मिसळतात आणि त्याच्या रेषेशी तुलना करतात.