ग्लायोमा मेंदूत पसरतो म्हणजे नक्की काय: थोडी पार्श्वभूमी

फुफ्फुसाचा किंवा ब्रेस्टचा कॅन्सर रक्तातून मेंदूत येतो ते प्रकरण वेगळं, ते इथं नाही. हे मेंदूतच सुरू होणाऱ्या ग्लायोमाबद्दल आहे, म्हणजे न्यूरॉनना (मेंदूतल्या सिग्नल पाठवणाऱ्या पेशींना) आधार देणाऱ्या ग्लिया पेशींसारख्या पेशींच्या ट्यूमरबद्दल, त्यातही जास्त करून त्याच्या सगळ्यात आक्रमक प्रकाराबद्दल, ग्लायोब्लास्टोमाबद्दल. हा मेंदूच्या बाहेर फार क्वचित जातो, पण मेंदूच्या आत मात्र एका ठिकाणी थांबत नाही.

तो थांबत नाही हे सर्जन लोकांना फार लवकर कळलं होतं. १९२८ साली अमेरिकेतल्या एका सर्जनने उजव्या बाजूचा अख्खा अर्धा मेंदू काढलेल्या पेशंट्सची माहिती छापली, ज्यांची डावी बाजू आधीच लुळी पडलेली होती असे पेशंट निवडले होते. एवढं करूनही ट्यूमर परत आलाच. म्हणजे गाठ दिसत होती एका बाजूला आणि पेशी तोपर्यंत पलीकडे जाऊन बसल्या होत्या. नंतर १९३८ च्या सुमारास बेल्जियममधल्या एका पॅथॉलॉजिस्टने मायक्रोस्कोपखाली बघून या पेशींच्या वाटा मांडल्या: रक्तवाहिन्यांच्या कडेने, मेंदूच्या वरच्या पातळ आवरणाखालून, न्यूरॉनच्या भोवती गोळा होऊन, आणि पांढऱ्या भागातल्या तंतूंच्या बाजूने. रक्तात शिरून प्रवास करण्यापेक्षा आधीपासून असलेल्या रस्त्यांवर सरपटत जायचं असा हा प्रकार. या वाटा आजही तशाच शिकवल्या जातात.

पण माझ्या मते खरा बदल स्कॅन आल्यावर झाला, आणि खरा गोंधळही तिथूनच सुरू झाला. १९८० मध्ये सीटी स्कॅनवर आधारित एक पेपर आला, त्यात दिसलं की परत येणारा ग्लायोब्लास्टोमा बहुतेक वेळा मूळ गाठीच्या २ सेंटिमीटरच्या आतच येतो. त्याआधी सरसकट सगळ्या मेंदूला रेडिएशन द्यायचे, ते हळूहळू मागे पडून गाठ आणि भोवतीची पट्टी एवढ्यालाच द्यायची पद्धत आली, आणि बाकीचा मेंदू वाचला हे चांगलंच झालं. फक्त त्यातून लोकांच्या मनात असं बसलं की ट्यूमरला कड असते. १९८७ मध्ये स्कॅनवर चमकणाऱ्या कड्याच्या बाहेरून सुईने तुकडे घेऊन बघितले तर तिथेही सुट्या ट्यूमर पेशी निघाल्या. मग ती कड कसली होती? जिथे रक्तवाहिन्या गळक्या झाल्यात आणि कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून देतात ते द्रव्य) बाहेर झिरपतोय तिथपर्यंतची कड ती, आजाराची नाहीच.

आता तो शब्द, ज्यावरून घरच्यांची झोप उडते: मल्टिसेंट्रिक. रिपोर्टमध्ये कधी मल्टिफोकल लिहिलेलं असतं, कधी मल्टिसेंट्रिक, आणि हे दोन्ही एकच आहेत असं कुणी सांगतं, तर कुणी म्हणतं मल्टिसेंट्रिक म्हणजे दोन वेगवेगळे कॅन्सर एकदम सुरू झाले. याचं मूळ १९६३ च्या एका पेपरमध्ये आहे. तिथे ठरलं की दुसरी गाठ एखाद्या माहीत असलेल्या वाटेने आलेली असू शकते, म्हणजे कॉर्पस कॅलोसममधून (मेंदूच्या दोन बाजू जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यातून), मेंदूतल्या पाण्यातून किंवा शेजारीच पेशी सुटून, तर ती मल्टिफोकल. आणि दोन गाठी लांब आहेत, मधली वाट काही केल्या दाखवता येत नाही, तर मल्टिसेंट्रिक. नीट बघा, ही दुसरी व्याख्या 'सापडलं नाही' यावर उभी आहे. त्या काळी मृत्यूनंतर मेंदूचे काप करून वाट शोधायचे, त्यामुळे तिला निदान काही अर्थ होता.

पुढे एमआरआय आला, १९९० च्या दशकात फ्लेअर सिक्वेन्स आला (एमआरआयचाच एक प्रकार, त्यात सूज आणि बिघडलेला भाग पांढरा दिसतो), आणि शब्द तेच ठेवून मोजपट्टी बदलली. दोन गाठींच्या मध्ये फ्लेअरवर पांढरा पट्टा दिसला तर मल्टिफोकल, नाही दिसला तर मल्टिसेंट्रिक. पण सुट्या पेशी स्कॅनवरच्या कडेच्या बाहेरही असतात हे तर वर आलंच, आणि फ्लेअरवरही त्या दिसतीलच असं नाही. त्यामुळे मशीन बदललं, वाचणारा डॉक्टर बदलला की त्याच पेशंटचं लेबल बदलू शकतं. त्यात २०१८ मध्ये कळलं की निम्म्याहून जास्त ग्लायोब्लास्टोमा पेशंट्समध्ये व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) कडेच्या, दिसायला साध्या अशा भागात ट्यूमरमधलीच काही म्युटेशन्स (जीन्समधले बदल) थोड्या प्रमाणात आधीच होती. म्हणजे एकाच घरातून निघून लांब जाऊन वाढणं शक्य आहे, मधली वाट दिसो न दिसो. एवढं माहीत असताना हा शब्द काही न समजावता रिपोर्टवर टाकणं मला चुकीचं वाटतं. किमान 'स्कॅनवर जोड दिसत नाही' एवढं साधं वाक्य सोबत लिहावं. ग्लायोमॅटोसिस सेरेब्री हा तसाच शब्द, ग्लायोमा मेंदूच्या तीन किंवा जास्त लोबमध्ये (मोठ्या भागांमध्ये) पसरलेला असेल तर वेगळा आजार धरायचे, तो जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात वेगळा आजार म्हणून काढून टाकला. पसरण्याची पद्धत आहे, आजार नाही, असं मान्य झालं. मल्टिसेंट्रिकबद्दल तसं कुणी केलेलं नाही.

स्कॅनवरच्या कडेवरूनच मधे बेव्हॅसिझुमॅब या औषधाचा वाद होऊन गेला, ते ट्यूमरच्या नव्या रक्तवाहिन्या वाढू देत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत परत आलेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी ते मंजूर झालं, गळक्या रक्तवाहिन्या आवळल्या की स्कॅन एकदम स्वच्छ दिसायचा आणि तेवढ्यात फ्लेअरवरचा भाग मात्र पसरत जायचा. औषधामुळे पसरतो की नुसतं दिसणं बदलतं यावर बरीच वर्षं भांडण झालं, आणि २०१४ मध्ये दोन मोठ्या ट्रायल्समध्ये नव्या पेशंट्सचं आयुष्य वाढलेलं दिसलं नाही.

गेल्या काही वर्षांत चित्र पुन्हा बदललंय. २०१५ मध्ये दिसलं की या पेशी लांब बारीक नळ्या काढतात, त्यातून पुढे सरकतात आणि एकमेकींना जोडून घेतात, आणि जोडलेल्या पेशी रेडिएशनला जास्त टिकतात. २०१९ मध्ये त्याहून धक्कादायक गोष्ट आली, न्यूरॉन आणि ट्यूमर पेशी यांच्यात चक्क सायनॅप्स (सिग्नल देण्याघेण्याचे जोड) असतात, न्यूरॉनच्या सिग्नलवर ट्यूमर वाढतो आणि सरकतोही. त्यामुळेच आता फिट्सवरची काही औषधं हे सायनॅप्स दाबतात का ते बघणाऱ्या ट्रायल्स सुरू झाल्यात.