वर्षाच्या आत म्हातारा होणारा कान

टेबलावर पाण्याचा जग असतो आणि खिडकीबाहेर सारं जग असतं. कागदावर दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात, तरी मोठ्याने वाचताना आपण चुकत नाही. एका 'ज'ला जीभ टाळूकडे जाते, दुसऱ्याला दातांच्या मागे. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. चाळिशीत मराठी शिकायला बसलेल्या माणसाला मात्र हा फरक उच्चारणं सोडाच, पुष्कळदा ऐकूही येत नाही.

'आता या वयात कसली भाषा येतेय?' असं म्हणताना 'हे वय' म्हणजे आपण चाळिशी-पन्नाशी धरतो. कानापुरतं बोलायचं तर ते वय पहिल्या वाढदिवसाआधीच उलटून जातं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली कॅनडात इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. आवाज बदलला की मान वळवायची, मग खेळणं दिसतं, एवढंच बाळांना शिकवलं होतं. ६ ते ८ महिन्यांची बहुतेक बाळं बरोबर मान वळवत. १० ते १२ महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना ते जमलं. त्यांचा कान बिघडलेला नव्हता. घरात जो फरक कामाला येत नाही, त्याकडे लक्ष देणं मेंदूने सोडून दिलं होतं.

पण सोडलेलं पुन्हा धरता येतं. जपानी भाषकांना इंग्रजीतले 'र' आणि 'ल' वेगळे ऐकू येत नाहीत. १९९०च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत अशा प्रौढांना हे आवाज अनेक वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकवले आणि उत्तर चूक की बरोबर ते लगेच सांगितलं. काही आठवड्यांत त्यांचा कान सुधारला आणि ती सुधारणा पुढे काही महिने टिकली. एकाच शिक्षकाचा आवाज ऐकत राहिलं, तर बहुधा त्या शिक्षकाचंच बोलणं कळू लागतं.

व्याकरणाचं गणित वेगळं आहे. २०१८ साली सुमारे पावणेसात लाख लोकांच्या उत्तरांवरून असा अंदाज निघाला, की व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण १७व्या वर्षापर्यंत टिकते आणि मग उतरते. बातम्यांनी त्यातून 'सतरानंतर दार बंद' असा अर्थ काढला. मला तो उतावीळपणा वाटतो. तिथे कसोटी होती जन्मजात भाषकासारखं अचूक व्याकरण येण्याची. शेजाऱ्याशी गप्पा मारायला इतकं कशाला लागतंय?

शब्दांच्या बाबतीत मोठी माणसं वयापेक्षा सवयीने मार खातात. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ साली विद्यार्थ्यांना स्वाहिलीतले ४० शब्द दिले. 'मशुआ' म्हणजे होडी, अशा जोड्या. शब्द एकदा बरोबर आला, की पुढे एका गटाला तो फक्त पुन्हा पुन्हा दाखवला. दुसऱ्या गटाला दाखवणं बंद केलं, नुसतं विचारत राहिले. आठवड्याने दुसऱ्या गटाला सुमारे ८० टक्के शब्द आठवले, पहिल्याला जेमतेम एक तृतीयांश. गंमत म्हणजे, किती आठवेल याचा अंदाज आधी विचारला, तेव्हा दोन्ही गटांनी जवळपास तेच सांगितलं होतं: निम्मे.

वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असं वाटतं. वहीतला अर्थांचा उजवा रकाना तळहाताने झाकला की लगेच घालमेल सुरू होते. हे सगळं ठाऊक असूनही वही उघडून नुसतं वाचत बसायला मला अजून बरं वाटतं, आणि हात काही रकान्यावर जात नाही.