पार्श्वभूमी : लॉटरी 'सरकारी' केव्हा ठरते?

तटबंदी, बंदरे, युद्धखर्च यांसाठी युरोपातल्या नगरांनी आणि राजांनी काढलेल्या सोडतींची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. लॉटरीवरच्या आजच्या वादांशी थेट नाते आहे ते वेगळ्याच प्रश्नाचे. सोडत सरकारची असली, तरी धंदा कोणाच्या हातात? अठराव्या शतकात ब्रिटिश सरकार तिकिटे मक्तेदारांना घाऊक विकून मोकळे होई. मक्तेदार चढ्या भावाने, तिकिटाचे अर्धे, पाव, अगदी सोळावा असे हिस्से करून ती खपवत. टीका वाढत गेली आणि 1826 मध्ये ही पद्धत बंद पडली.

अमेरिकेला हाच धडा अधिक महागात पडला. लुईझियानाने 1868 मध्ये एका खाजगी कंपनीला लॉटरी चालवायची 25 वर्षांची सनद दिली. राज्याला वर्षाला 40 हजार डॉलर मिळत, बाकीचा धंदा कंपनीचा. सोडतीवर देखरेखीसाठी यादवी युद्धातले दोन प्रसिद्ध सेनापती बसवले होते. तिकिटे टपालाने देशभर जात. लाचखोरीच्या आरोपांनी वातावरण तापले, तेव्हा 1890 मध्ये लॉटरीसाठी टपाल बंद झाले आणि 1895 मध्ये तिकिटांच्या आंतरराज्य वाहतुकीवरच बंदी आली.

म्हणून 1964 मध्ये न्यू हॅम्पशायरने शाळांच्या खर्चासाठी लॉटरी सुरू केली, तेव्हा ती राज्याने स्वतः चालवायची हे जवळपास गृहीतच होते. जुनी केंद्रीय बंदी मात्र कायम होती. 1975 मध्ये तिला अपवाद जोडला गेला, तो फक्त 'राज्याने चालवलेल्या' लॉटरीसाठी. या दोन शब्दांचा अर्थ पुढे तीसेक वर्षे कोणी फारसा तपासला नाही. मग काही राज्यांना आपली लॉटरी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देऊन एकरकमी पैसा उभा करायचा मोह झाला. 2008 मध्ये केंद्रीय न्याय खात्याने मत दिले की तिकीट छपाई, यंत्रे, जाहिरात ही कामे बाहेर देता येतील. पण धंद्याचे महत्त्वाचे निर्णय आणि नफा-तोट्यातला जवळजवळ सगळा वाटा राज्याकडेच हवा. हे मत योग्यच होते. भाडेपट्टा म्हणजे नाव बदललेली सनदच. इलिनॉयने मग मधला मार्ग काढून 2011 पासून खाजगी व्यवस्थापक नेमला. ठरलेले उत्पन्न हाती आले नाही आणि पुढे व्यवस्थापक बदलावा लागला.

भारतात हाच शब्द आणखी गुंतला, आणि तो गुंता इतर कुठल्याही देशापेक्षा बारकाईने पाहण्यासारखा आहे. 1998 च्या केंद्रीय कायद्यानुसार तिकिटावर राज्याचे चिन्ह हवे, सोडत राज्यानेच आणि राज्यातच काढायला हवी, विक्रीचा पैसा राज्याच्या खात्यात जमा व्हायला हवा. विक्री मात्र वितरकांमार्फत करता येते. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा दोन दर ठरले. 'राज्याने चालवलेल्या' लॉटरीला 12 टक्के, 'राज्याने अधिकृत केलेल्या' लॉटरीला 28 टक्के. वाचताना वाटते की फरक सरकारी आणि खाजगी चालकांतला आहे. तसे नव्हते. व्याख्येनुसार फक्त आपल्याच राज्यात विकता येणारी लॉटरी 'चालवलेली' ठरे. इतर राज्यांतही विकता येणारी लॉटरी, मग ती राज्य सरकारने थेट चालवलेली असली तरी, 'अधिकृत केलेली'. म्हणजे शब्द चालवण्याबद्दलचे आणि निकष बाजारपेठेचा! स्थानिक लोकसंख्या थोडी असल्याने ज्यांना बाहेर तिकिटे विकावीच लागतात, त्या ईशान्येकडच्या लहान राज्यांना याचा फटका बसला. हे स्थानिक लॉटरीचे संरक्षण होते तर ते उघड शब्दांत मांडायला हवे होते. डिसेंबर 2019 मध्ये जीएसटी परिषदेला या एका विषयावर आपल्या इतिहासात पहिल्यांदाच मतदान घ्यावे लागले. 21 राज्ये एका बाजूला, 7 दुसऱ्या. 1 मार्च 2020 पासून सरसकट 28 टक्के लागू झाले, ते सप्टेंबर 2025 पर्यंत. दर एक झाल्यावर या दोन शब्दांतला फरक करापुरता तरी निरर्थक झाला.

युरोपात वेगवेगळ्या वाटा दिसतात. ब्रिटनने 1994 मध्ये लॉटरी पुन्हा सुरू केली ती परवाना पद्धतीने. चालक खाजगी, नियामक सरकारी, आणि सुरुवातीला विक्रीतले 28 टक्के लोकोपयोगी कामांसाठी राखलेले. परवाना दुसऱ्या चालकाकडे पहिल्यांदा गेला तो थेट 2024 मध्ये. फ्रान्सने 2019 मध्ये आपल्या सरकारी लॉटरी कंपनीचे 52 टक्के भाग विक्रीला काढले, स्वतःकडे सुमारे 20 टक्के ठेवले आणि कंपनीला 25 वर्षांचे एकाधिकार दिले. स्पेननेही 2011 मध्ये 30 टक्के हिस्सा बाजारात आणायची तयारी केली होती, पण ऐनवेळी बेत सोडला. तिथली नाताळची सोडत, तिकीटविक्रीतले 70 टक्के बक्षिसांत वाटणारी, आजही सरकारी कंपनीच काढते.