सगळ्यात मोठ्या क्रूझवर जायचंय? बुकिंगआधी एवढं वाचा

क्रूझच्या चौकशीला येणारे बरेच जण सुरुवातीला भाव विचारत नाहीत, ‘ते जगातलं सगळ्यात मोठं जहाज’ विचारतात. मोबाईलवर व्हिडिओ तयारच असतो. त्या जहाजावर जरूर जा, बुकिंग आम्ही करून देऊ. पण मोठं म्हणजे नेमकं काय, ते कुणाला मानवतं आणि पैसे कुठे कुठे जातात, हे आधी समजून घेतलंत तर पुढची चर्चा सोपी होईल.

व्हिडिओतलं जहाज बहुतेक वेळा ‘आयकॉन ऑफ द सीज’ असतं. रॉयल कॅरिबियन कंपनीचं, फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीत बांधलेलं. २७ जानेवारी २०२४ ला ते मायामीहून पहिल्या सफरीला निघालं. लांबी ३६५ मीटर, मजले २०. एका खोलीत दोघे धरले तर ५,६१० प्रवासी, सगळे बर्थ भरले तर ७,६००, आणि वर २,३५० कर्मचारी. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच मापाचं ‘स्टार ऑफ द सीज’ फ्लोरिडातल्याच पोर्ट कॅनाव्हेरलहून सुरू झालं. तेव्हा स्टारची तारीख किंवा भाव सोयीचा असेल, तर आयकॉनचाच हट्ट धरू नका. आतला अनुभव जवळपास तोच आहे.

माहितीत ‘ग्रॉस टनेज’ नावाचा आकडा दिसेल. आयकॉनचा आहे सुमारे २ लाख ४८ हजार. हे जहाजाचं वजन नव्हे, आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. फ्लॅट घेताना आपण इमारतीचं वजन विचारत नाही, जागा किती ते विचारतो, तसंच. टायटॅनिकचं टनेज होतं ४६ हजारांच्या आसपास. आपल्या मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ साडेअठ्ठेचाळीस हजारांचं आहे. मोजायची पद्धत मधल्या काळात बदलली, तरी ढोबळमानाने बॅलार्ड पिअरला लागणारं हे जहाज टायटॅनिकएवढं भरतं आणि आयकॉनमध्ये अशी पाच एम्प्रेस मावतात. एम्प्रेस १९९० चं आहे. म्हणजे एवढी वाढ जेमतेम ३४ वर्षांतली.

‘एवढं उंच जहाज कलंडत नाही का?’ हा प्रश्न बहुतेकदा घरातले ज्येष्ठ विचारतात, आणि तो रास्त आहे. पाण्याखाली जहाजाचा भाग असतो साधारण नऊ मीटर, वर मजल्यावर मजले. पण इंजिनं, इंधनाच्या आणि पाण्याच्या टाक्या, सगळं जड सामान तळाशी असतं, वरचे मजले त्या मानाने हलके आणि तळ चांगला रुंद. शिवाय दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात, ते डोलणं कमी करतात. त्यामुळे मोठ्या जहाजावर मळमळीचा त्रास लहान जहाजापेक्षा कमी होतो. होतच नाही, असं मात्र आम्ही लिहून देणार नाही. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी.

उंचीवरून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आयकॉनच्या आधीच्या पिढीतलं ‘ओएसिस ऑफ द सीज’ २००९ मध्ये तुर्कूहून अमेरिकेला निघालं, तेव्हा वाटेत डेन्मार्कचा ग्रेट बेल्ट पूल होता. पुलाखालून जाता यावं म्हणून त्याची धुरांडी आत ओढून घेता येतील अशीच बांधली होती. तरीही वर जेमतेम दोन फुटांची फट उरणार होती. कप्तानाने जहाज मुद्दाम वेगात नेलं, कारण उथळ पाण्यात वेग वाढला की जहाज थोडं खाली बसतं.

खोली निवडताना

आमच्या मते पैसे वाया जातात ते इथे. ‘बाल्कनी’ लिहिलंय म्हणजे समुद्र दिसणार, असं गृहीत धरू नका. ओएसिस आणि आयकॉन या दोन्ही मालिकांत जहाजाच्या मध्यभागी खरी झाडं लावलेली ‘सेंट्रल पार्क’ नावाची बाग आहे, आणि काही बाल्कन्या त्या बागेवर उघडतात. संध्याकाळी दिवे लागले की छान दिसतं, पण सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आलात तर समोरच्यांचे वाळत घातलेले पोहण्याचे कपडे दिसतील. समुद्रच हवा असेल तर ‘ओशन व्ह्यू बाल्कनी’ असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. दुसरं, स्विमिंग पूलच्या बरोबर खालच्या मजल्यावरची खोली टाळा, पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज थेट डोक्यावर येतो. मधलं दार असलेल्या दोन खोल्या आजी-आजोबा आणि नातवंडांना सोयीच्या. पण दाराच्या पलीकडे अनोळखी कुटुंब आलं, तर त्यांचं सगळं बोलणं तुम्हाला ऐकू येणार.

मोठं जहाज कुणासाठी?

आयकॉनवर सात पूल आणि सहा घसरगुंड्या आहेत. शाळकरी मुलं बरोबर असतील तर डोळे झाकून घ्या, मुलं बंदरावर उतरायलाही तयार होत नाहीत. तीन पिढ्या एकत्र निघाल्या असतील तरी उत्तम, ज्याला जे हवं ते सापडतं.

पण गावं बघायची हौस असेल तर आमचा सल्ला उलटा आहे. जहाज जितकं मोठं, तितकी त्याला लागू शकणारी बंदरं कमी. व्हेनिसच्या सान मार्को चौकासमोरून २५ हजार टनेजच्या वरची जहाजं न्यायला १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे, म्हणजे आपलं एम्प्रेससुद्धा तिथे चालणार नाही. सांतोरिनीसारख्या ठिकाणी जहाज बाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटीने किनाऱ्यावर जावं लागतं. हजारो माणसांचा नंबर लागेपर्यंत सकाळ निघून जाते. ग्रीस, इटली, नॉर्वे पाहायचं असेल तर मध्यम आकाराचं जहाज घ्या.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी मुंबईहून गोव्याची दोन-तीन रात्रींची सफर करून बघावी. व्हिसा नको, विमान नको, आणि समुद्र आपल्याला मानवतो का तेही कळतं. जून ते ऑगस्ट मात्र सोडा, अरबी समुद्र तेव्हा पाहुण्यांचा मान ठेवत नाही.

यॉटचं काय?

यॉटचा हिशेब निराळा. खासगी यॉटमध्ये लांबीने सर्वांत मोठ्यांत गणलं जातं ते ‘अझ्झाम’, १८०.६ मीटर, जर्मनीच्या ल्युर्सेन कंपनीने २०१३ मध्ये दिलेलं. आतल्या जागेत ‘दिलबर’ मोठं, सुमारे १५,९०० टनेजचं. ही भाड्याने मिळत नाहीत, तेव्हा चौकशी नको. भाड्याच्या यॉटवर सहसा बाराच पाहुणे घेतात, कारण त्याहून जास्त प्रवासी घेतले की आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ते प्रवासी जहाज ठरतं आणि सगळे कडक नियम लागू होतात. शिवाय भाडं म्हणजे फक्त यॉट आणि खलाशी. इंधन, जेवण, बंदराचे पैसे यांसाठी भाड्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश रक्कम वेगळी आगाऊ द्यावी लागते. वाढदिवसापुरती हौस असेल तर गेटवेहून तासावर मिळणाऱ्या यॉट आहेत, त्यांची चौकशी जरूर करा.

पैसे, जेवण, कागदपत्रं

जाहिरातीतला भाव म्हणजे खोली, नेहमीचं जेवण आणि करमणूक. बंदराचे कर, दारू आणि शीतपेयं, वायफाय, खास रेस्टॉरंटं आणि किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. अमेरिकी जहाजांवर कर्मचाऱ्यांची बक्षिसीसुद्धा माणशी दररोज १५ ते २० डॉलर आपोआप खात्यावर चढते, लहान मुलांचीही. चौघांच्या आठवड्याला हा आकडा बराच होतो, म्हणून आमच्या कोटेशनमध्ये आम्ही तो आधीच दाखवतो. परदेशी टूरवर कापला जाणारा टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या पैशांबरोबर आधीच घेतला जाणारा कर, रिटर्न भरताना वळता होतो, पावती जपून ठेवा.

शाकाहारी जेवण मोठ्या जहाजांवर मिळतं, जैन जेवण मात्र बुकिंगच्या वेळीच कळवावं लागतं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी मिळणार नाही, फळांवर भागवा. इस्त्री आणि घरची इलेक्ट्रिक किटली बॅगेत घालू नका, आगीच्या भीतीने तपासणीत काढून घेतात.

जहाज सुटण्याआधी आपत्कालीन सूचनांची कवायत सगळ्यांना करावी लागते. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जण दगावले. त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, तेव्हा ती २४ तासांत उरकली तरी चालत असे. नियम त्यानंतर बदलला. कंटाळा करू नका.

मायामीची सफर असेल तर अमेरिकेचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा लागतो, कारण जहाज देशाबाहेर जाऊन परत येतं. मुलाखतीची तारीख लवकर मिळत नाही, तेव्हा व्हिसा हातात आल्याशिवाय परत न मिळणारे पैसे भरू नका.

चौकशीला येताना प्रत्येकाच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स आणा. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत हवी. आपल्याकडे पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव काहींच्या असतं, काहींच्या नसतं. पासपोर्टवर जसं आहे तसंच तिकिटावर हवं, म्हणून नावं फोनवर सांगू नका, झेरॉक्सच द्या.