टोकियोहून परतायला जास्त वेळ का लागतो?

पृथ्वीच्या गोलावर दिल्ली ते टोकियो दोरा ताणला, तर अंतर साधारण ५,९०० किलोमीटर भरतं. हा दोरा थेट तिबेटवरून जातो. विमानं मात्र सहसा त्या पठाराला बगल देऊन म्यानमार, दक्षिण चीन असा वळसा घेतात. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला १०,००० फुटांपर्यंत खाली उतरावं लागतं आणि तिबेटची जमीनच सरासरी १५,००० फुटांच्या आसपास आहे!

तरी वळशाने कोडं सुटत नाही. जाताना साडेसात-आठ तास लागतात, येताना नऊ-साडेनऊ. हिवाळ्यात त्याहूनही जास्त. अनेकांना वाटतं, हा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम. पण पृथ्वी फिरते पूर्वेकडे. म्हणजे टोकियो आपल्यापासून लांब पळणार आणि जातानाच उशीर व्हायला हवा! तसं होत नाही, कारण हवाही जमिनीबरोबरच फिरते. धावत्या लोकलमध्ये उडी मारली, तर आपण त्याच जागी उतरतो, तसंच.

खरी करामत जेट स्ट्रीमची, म्हणजे विमानांच्या उंचीवर वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याच्या प्रवाहाची. उष्ण कटिबंधातली गरम हवा फुगलेली असते, त्यामुळे उंचावर तिथला दाब उत्तरेपेक्षा जास्त भरतो. हवा उत्तरेकडे निघते, पण पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळते आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहू लागते. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण असा आडवळणाने. तापमानातला फरक जितका मोठा, तितका वारा जोरदार. हिवाळ्यात सैबेरियाची गारठलेली हवा आणि पॅसिफिकची उबदार हवा जपानजवळ भेटतात. तिथे ताशी २५०-३०० किलोमीटरचा वारा ही नवलाची गोष्ट नाही.

१९२०च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून हा वारा मोजला होता. १९२६ मध्ये त्यांनी अहवाल छापला तो एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत, जगभर वाचला जावा म्हणून. तो फारसा कुणी वाचलाच नाही. पुढे १९४४च्या अखेरीस टोकियोवर आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांचे बॉम्ब याच वाऱ्याने भलतीकडे पडू लागले.

जाताना वाचलेला वेळ परतीत फिटतो, असंही नाही. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ६,००० किलोमीटरला ६ तास ४० मिनिटं लागतात. सगळ्या वाटेवर ताशी १५० किलोमीटरचा वारा धरा. जाताना ५७ मिनिटं वाचतात, येताना ८० मिनिटं जादा लागतात. कारण उलट वाऱ्यात विमान हळू चालतं आणि म्हणून त्यातच जास्त वेळ अडकून राहतं.

सीटसमोरच्या पडद्यावर जमिनीच्या सापेक्ष वेग दिसतो. जानेवारीत जपानजवळ पोचताना तो ताशी १,१०० किलोमीटरच्या वर गेलेला दिसू शकतो, परतताना ७००च्या खाली. म्हणून उड्डाणाचा मार्ग आखणारी मंडळी रोज वाऱ्याचा नकाशा बघतात. जाताना विमान शक्यतो प्रवाहात घालतात, परतीला त्याच्या कडेने काढतात. अशा वेळी शे-दोनशे किलोमीटर वाढले तरी चालतात, इंधन कमी जळतं.