वनस्पती-नकाशांकन : ऑफलाइन क्षेत्रनोंदी

मोबाइलची रेंज नसलेल्या ठिकाणी, म्हणजे घाटात, सड्यावर (उघड्या कातळपठारावर), दाट जंगलात, कुठली वनस्पती नेमकी कुठे उगवते याची नोंद जागेवरच करून ठेवायची आणि नंतर अशा नोंदी एकत्र करून त्या प्रजातीचा प्रसार-नकाशा बनवायचा, ही पद्धत. प्रत्येक नोंदीत प्रजाती, जागा, तारीख आणि नोंदवणाऱ्याचं नाव हे चार तपशील तर लागतातच, पण जागा किती मीटरने चुकलेली असू शकते हा पाचवा तपशील बहुतेकदा राहून जातो आणि नकाशे जास्त करून तिथेच बिघडतात.

वनस्पतींच्या जागा अशा नोंदवून नकाशे बनवणं कुणी सुरू केलं यावर मतभेद आहेत. लामार्क आणि द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1805 मध्ये फ्रान्सचा वनस्पती-नकाशा छापला होता, पण त्यात प्रदेश रंगवलेत, एकेका प्रजातीच्या जागा नाहीत, त्यामुळे त्याला आजच्या पद्धतीचा पूर्वज म्हणणं जरा ताणल्यासारखं होतं. ब्रिटनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ वॉटसनने 1852 च्या सुमाराला देशाचे 112 ‘व्हाइस-काउंटी’ पाडले, कारण प्रशासकीय सीमा बदलत राहतात आणि जुन्या-नव्या नोंदींची तुलना करायला न हलणारी चौकट हवी होती. काही जण तिथून सुरुवात धरतात. जर्मन अभ्यासक गिसेनच्या हॉफमनचं नाव घेतात, त्याने बहुधा 1860 च्या दशकात मध्य ऱ्हाइन भागावर चौकोन आखून प्रजाती मांडल्या होत्या. पण अख्ख्या देशावर एकसारखे चौकोन टाकून प्रत्येक चौकोनात जाऊन यादी करायची हे काम गोएटहार्ट आणि योंगमन्स यांनी 1902 पासून नेदरलँड्समध्ये हाती घेतलं (चौकोन साधारण 5 बाय 4 किलोमीटरचे), आणि ‘पद्धत’ म्हणायची तर हीच सुरुवात जास्त पटते. पेरिंग आणि वॉल्टर्स यांचा ब्रिटिश अॅटलास त्यानंतर बराच उशिरा, 1962 मध्ये आला, चौकोन 10 किलोमीटरचे. त्याची खरी देणगी म्हणजे फील्ड-कार्ड: त्यावर प्रजातींची संक्षिप्त नावं आधीच छापलेली असायची, दिसली की नावावर काट मारायची, आणि पुढे तो डेटा पंचकार्डांवर, म्हणजे यंत्राने वाचायच्या भोकं पाडलेल्या कार्डांवर, जायचा. आज फोनमधली चेकलिस्ट तेच काम करते.

रेंज नाही म्हणजे जीपीएस नाही हा समज चुकीचा आहे. फोन उपग्रहांचे सिग्नल थेट घेतो, त्याला इंटरनेट लागत नाही, फक्त नेट नसेल तर उपग्रह कुठे आहेत ही माहिती आयती मिळत नाही म्हणून पहिलं लोकेशन पकडायला बराच वेळ जाऊ शकतो, तेव्हा उघड्या आकाशाखाली थांबावं आणि अचूकतेचा आकडा खाली आल्यावरच नोंद सेव्ह करावी. मे 2000 मध्ये अमेरिकेने नागरी सिग्नलमधली मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, त्याआधी जागा 100 मीटरपर्यंतही हलायची, म्हणून नव्वदच्या दशकातले जीपीएस आकडे जपून वापरावेत.

दुसरा घोळ डेटमचा, म्हणजे पृथ्वीचा कुठला गणिती आकार धरून अक्षांश-रेखांश मोजले याचा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट (भूभागाचे तपशीलवार नकाशे) एव्हरेस्ट डेटमवर आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-84 वर चालतं. दोन्ही आकडे न बदलता एकत्र केले तर सह्याद्रीच्या भागात जागा 100 मीटरपेक्षा जास्त सरकते, म्हणजे कड्यावरचं झाड नकाशात दरीत जाऊन बसतं. 2005 च्या नकाशा धोरणानंतरच्या ओपन सिरीज शीट डब्ल्यूजीएस-84 वर आहेत, तिथे हा त्रास नाही. उंचीचंही तसंच: काही अॅप समुद्रसपाटीपासूनची उंची न देता पृथ्वीच्या त्या गणिती लंबगोलापासूनची देतात आणि कोकण किनाऱ्यावर हा फरक 60 मीटरच्या वर असल्यामुळे बीचवर उभं राहून उणे आकडा दिसतो, त्यात फोनचा दोष नसतो. जुन्नर परिसरातून वर्णन झालेल्या शिंदळ माकुडीसारख्या कड्यावरच्या वनस्पतीला तर नुसते अक्षांश-रेखांश पुरतच नाहीत, कारण कड्याचा माथा आणि पायथा नकाशावर जवळजवळ एकाच ठिपक्यात येतात. तिथे ‘कड्याच्या मधल्या पट्टीत, पश्चिमेला तोंड’ असं शब्दांत लिहिलेलं लाखमोलाचं.

साधनांमध्ये ओडीके, क्यूफील्ड आणि आयनॅचरलिस्ट ही मोबाइल अॅप जास्त वापरात आहेत. पहिल्या दोघांत फॉर्म आणि नकाशा निघण्याआधी फोनमध्ये भरून घेता येतो, परत आल्यावर डेटा पाठवता येतो. आयनॅचरलिस्टचं अॅपही नोंद फोनमध्ये साठवून ठेवतं आणि नंतर अपलोड करतं. अक्षांश-रेखांश दशांशात लिहावेत, दशांशचिन्हानंतर चार अंक म्हणजे साधारण 11 मीटर, पाच म्हणजे सुमारे 1 मीटर, त्यापुढचे अंक फोनच्या बाबतीत नुसते दिखाऊ. पावसाळ्यात, आणि सड्यावरच्या बऱ्याचशा वर्षायू वनस्पती तेव्हाच फुलतात, ओल्या स्क्रीनवर बोट नीट चालत नाही, म्हणून पेन्सिल आणि वही सोबत हवीच.

महाराष्ट्रात जुना पाया कुकच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोराचा, म्हणजे तिथल्या वनस्पतींची नोंद असलेल्या ग्रंथाचा (1901 ते 1908), पण त्यात कित्येक प्रजातींसमोर जागा म्हणून नुसतं ‘कोकण’ आणि संग्राहकाचं नाव एवढंच दिसतं. अशी नोंद नकाशावर ठिपका म्हणून टाकणं चूक आहे, मोठ्या त्रिज्येचं वर्तुळ म्हणूनच टाकावी. बोटॅनिकल सर्व्हेच्या पुण्यातल्या पश्चिम मंडळाच्या (स्थापना 1955) हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) नमुन्यांवरची लेबलं अशा कामात फार उपयोगी पडतात.

‘सापडली नाही’ ही नोंदही तितकीच महत्त्वाची, पण त्या चौकोनात किती वेळ आणि कुठल्या महिन्यात शोधलं हे लिहिलं नसेल तर तिला अर्थ उरत नाही. पावसाळ्यात फुलणारा वायतुरा उन्हाळ्यात कासला दिसला नाही यावरून काहीच ठरत नाही.

दुर्मिळ प्रजातींची अचूक जागा सार्वजनिक करू नये. कंदीलपुष्पांचे कंद खणून खाल्ले जातात, ऑर्किड उपटून नेली जातात. आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त प्रजातींची जागा आपोआप 0.2 अंशाच्या चौकोनात, म्हणजे आपल्याकडे सुमारे 22 किलोमीटर बाजूच्या पट्ट्यात, धूसर करतं, पण फोटोसोबत गावाचं आणि पायवाटेचं वर्णन लिहिलं तर तो उपाय वाया जातो.